मोटारशर्यतीतील वजनाचा न्याय

गतवर्षी शाळेच्या क्रीडासप्ताहात आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीचा शोध घेता घेता आम्ही बैलगाड्यांच्या पटावरून थेट मोटारींच्या शर्यतीपर्यंत जाऊन पोहोचलो. तो सर्व प्रवास विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू होय.

प्रार्थनामंदिराच्या पायथ्यापासून क्रीडांगणाच्या कडेपर्यंत जो उताराचा रस्ता आहे, त्यावर बेअरिंगच्या गाड्यांची शर्यत लावावी, अशी कल्पना विज्ञानमंडळाच्या मुलांनी काढली. फळी, दोन आडवे दांडे, चाकांच्या जागी जुनी बेअरिंगे आणि सुकाणूस दोरी. अशी गाडी नाशिकच्या कोणत्या गल्लीत झाली नाही? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून टाकून दिलेली बेअरिंगे भंगारवाल्यांकडे येतात व तेथून ती मुलांच्या हाती पडतात. आम्ही न्यायबुद्धीने नियम केला की, कोणाचीही गाडी २० किलोपेक्षा अधिक भरू नये. सकाळी काटा आणविला, प्रत्येक गाडी त्यावर ठेविली, खडूने वजन लिहिले आणि आपण मोठे चोख काम केले असे समजून शिट्टी वाजविली.

अंतिम फेरीत दोन मुले उरली. एकाचे वजन ६४ किलो, दुसऱ्याचे ३८. थोरला दोन हातांनी जिंकला. धाकटा गाडी ओढीत आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, गाड्या तोलल्या, पण आम्हांला कुठे तोललं?” आम्ही त्याला गॅलिलिओची गोष्ट सांगून परत पाठविणार होतो. जड व हलका पदार्थ सारख्याच वेगाने खाली येतो, हे आम्हीच त्याला आठवीत शिकविले होते. परंतु त्याची आई मागेच उभी होती. त्या बाई भाजीबाजारात बसतात. त्या म्हणाल्या, “सर, टोपली वजा करून माल तोलायचा, हे आम्हांला ठाऊक आहे. टोपली तोलून मालच सोडून द्यायचा, हे आज पहिल्यांदा पाहिलं.”

ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. बक्षीस थोरल्यासच दिले, कारण त्याने नियम मोडला नव्हता. नियमच अपुरा होता.

आता प्रथम शास्त्राचे पाहू. गॅलिलिओचे म्हणणे खोटे नाही. उतारावर गाडीस खाली ओढणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते आणि जमिनीचे व बेअरिंगचे घर्षणही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. म्हणून त्या दोहोंपुरता जड व हलका असा भेद राहत नाही. परंतु हवेचा अडथळा वजन पाहत नाही. तो आकार व वेग पाहतो. छातीवर येणारा वारा दोन्ही मुलांना जवळजवळ सारखाच मागे रेटतो आणि तोच रेटा ३८ किलोच्या मुलास अधिक जाणवतो. शिवाय चाके नुसती पुढे जात नाहीत, ती फिरतातही. त्या फिरण्यात जी शक्ती खर्ची पडते, तिचा वाटा हलक्या गाडीत तुलनेने मोठा असतो. दोन्ही कारणे लहान आहेत. पण शर्यत दोन हातांनीच तर जिंकली गेली होती.

ज्यांना ही गोष्ट पोरखेळ वाटेल, त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे मुलांनी आपल्या हातांनी केलेल्या, यंत्रावाचून उतारावर धावणाऱ्या गाड्यांची ‘सोपबॉक्स डर्बी’ नावाची राष्ट्रीय शर्यत १९३४ पासून भरते. १९३५ पासून ती ओहायो प्रांतातील ॲक्रन ह्या गावी होते. तेथील जाणत्यांनी आमची चूक केली नाही. गाडी व मूल मिळून किती वजन भरावे, ह्याची कमाल मर्यादा त्यांनी घालून दिली, आणि अनेक वर्षे ती २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो होती. हलक्या मुलाने गाडी जड करावी, जड मुलाने हलकी. दोघेही काट्यावर एकच.

आणि तरीही १९७३ साली तेथे काय घडले? चौदा वर्षांचा एक मुलगा पहिला आला. त्याची गाडी सुटताना इतरांपेक्षा अंमळ अधिकच उसळते, असा पाहणाऱ्यांस संशय आला. गाडीची क्षकिरणांनी तपासणी झाली, तेव्हा तिच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीस सर्व गाड्या लोखंडी फळीस टेकून उभ्या असत आणि ती फळी पुढे पडली की गाड्या सुटत. मुलाने मस्तक मागे टेकले की कळ दाबली जाई, चुंबक जागा होई आणि पडती फळी गाडीस आपल्यामागे खेचून घेई. वजनाचा नियम तंतोतंत पाळला होता. लबाडी नियमाने न पाहिलेल्या ठिकाणी होती. बक्षीस काढून घेतले गेले. हा चुंबक त्या मुलाच्या एकट्याच्या डोक्यातून निघाला नव्हता. ज्यांच्या घरी तो राहत होता, त्या नात्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांचा त्यात हात होता आणि पुढे त्यांच्यावर न्यायालयात कारवाई झाली. पालकांनी हा परिच्छेद पुन्हा एकवार वाचावा, अशी आमची विनंती आहे.

यंत्राची मोटार आली की गणित उलटते. उतारावर जे वजन सोबती होते, ते सपाटीवर वैरी होते. कारण आता ओढणारे बल वजनातून नव्हे, तर यंत्रातून येते, आणि ते ठरावीक असते. अश्वशक्ती म्हणजे काय, हे आधी ध्यानात घ्यावे: ७५ किलोचा भार एका सेकंदात १ मीटर उंच उचलण्याइतके काम. धान्याचे भले मोठे पोते एका दमात कमरेइतके उचलणे, हे तिचे घरगुती माप. मोटारीचे वजन तिच्या अश्वशक्तीने भागले असता, एकेका अश्वशक्तीच्या वाट्यास किती किलो येतात ते कळते. ही संख्या जितकी लहान, तितकी मोटार चपळ.

हौशी लोकांच्या शर्यतींत हाच भागाकार न्यायाचा पाया मानला जातो. हौशी शर्यत म्हणजे पगारी चालकांची नव्हे; आपल्या पदरचे पैसे घालून आठवड्याची सुट्टी धुळीत घालविणाऱ्यांची. त्यांत कोणी जुनी छोटी मोटार आणतो, कोणी नवी मोठी. सर्वांना एकत्र सोडले, तर ज्याची थैली मोठी त्याचीच सरशी होणार. म्हणून काही मंडळे यंत्राच्या आकारमानावरून गट पाडतात. नाशिकच्या आसपासच्या रस्त्यांवर काही वर्षे राष्ट्रीय रॅलीची जी फेरी भरत असे, तिच्यातही गट असेच सीसीवरून असत. इतर मंडळे वजन व शक्ती ह्यांचे प्रमाण ठरवून देतात.

उदाहरण करून पाहू. एक मोटार ९०० किलो वजनाची व ७५ अश्वशक्तीची आहे, भागाकार १२. दुसरी ११०० किलोची व ११० अश्वशक्तीची आहे, भागाकार १०. दोघींना बाराच्या पंगतीत बसवायचे, तर दुसरीचे वजन १३२० किलो केले पाहिजे. म्हणजे तिच्यात २२० किलोचे शिसे भरले पाहिजे. जणू तीन जाडजूड पाहुणे कायमचे मागे बसविले! कागदावर दोघी आता समान झाल्या. पण रस्त्यावर? १२० किलोमीटर वेगाने वळणाकडे येताना त्या जड मोटारीच्या अंगी, हलकीच्या जवळजवळ दीडपट गतिज ऊर्जा असते. तेवढी सगळी ब्रेकच्या तबकड्यांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते, आणि वळणावर तिची टायरेही लवकर झिजतात. याउलट लांब सरळ रस्ता असला, तर हवेला फाडण्याकरिता वजन नव्हे, शक्तीच उपयोगी पडते. तेथे ११० अश्वशक्तीची मोटार शिसे वाहूनही पुढे जाईल. एकाच भागाकाराने एका मार्गावर एकीवर अन्याय होतो, दुसऱ्या मार्गावर दुसरीवर. म्हणून काही ठिकाणी वजन न घालता यंत्राच्या श्वासनलिकेत बारीक छिद्राची चकती बसवितात, जेणेकरून हवा कमी जावी व शक्ती आपोआप उतरावी. आमच्या मते हे अधिक शहाणपणाचे आहे. शिसे भरलेली मोटार उलटली तर तिच्यात बसलेल्याचे काय होईल, ह्याचाही विचार नियम करणाराने केला पाहिजे.

शिवाय शक्ती मोजणे हे वजन मोजण्याइतके सोपे नाही. मोटार लोखंडी रुळांवर उभी करून चाके फिरवितात व आकडा काढतात. दोन ठिकाणचे रूळ एकच आकडा देतील, असे नाही. हवा उष्ण असली तर आकडा उतरतो. त्यातून तो आकडा यंत्राच्या सर्वांत जोराच्या क्षणाचा असतो. एक यंत्र मंद फिरतानाही नेटाने ओढते, दुसरे अगदी वरच्या फेऱ्यांतच जागे होते. दोघांचा उच्चांक एकच, पण वळणातून बाहेर पडताना पहिला पुढे. आणि हल्लीच्या मोटारींत तर यंत्राला आज्ञा देणारा संगणक असतो. परीक्षेच्या दिवशी एक आज्ञा, शर्यतीच्या दिवशी दुसरी, असे करणाऱ्याला पकडावे कसे? काटा बोलतो तेव्हा निदान सर्वांसमक्ष बोलतो.

केवळ वजनाचा नियम किती फसवा असू शकतो, ह्याचा मोठा धडा युरोपात १९३४ ते १९३७ ह्या काळात मिळाला. मोटारी अतिवेगवान व धोक्याच्या झाल्या, म्हणून ग्रां प्री शर्यतींकरिता नियम झाला की, चालक, इंधन, तेल, पाणी व टायरे सोडून मोटार ७५० किलोहून जड असू नये. हेतू असा की, हलक्या सांगाड्यात मोठे यंत्र मावणार नाही व वेग आपसूक आवरेल. झाले विपरीत. जर्मन कारखान्यांनी, सरकारी साहाय्याच्या बळावर, हलक्या मिश्रधातूंचे सांगाडे केले व वाचविलेला प्रत्येक किलो यंत्रात ओतला. १९३७ पर्यंत मर्सिडीजच्या मोटारीची शक्ती साडेपाचशे अश्वशक्तीच्या वर गेली. १९३८ पासून मग नियम फिरविला: यंत्राच्या आकारमानास मर्यादा, आणि वजनास कमाल नव्हे तर किमान मर्यादा. नियम ज्या दाराला कुलूप लावतो, त्याच्या शेजारचे दार उघडे आहे की नाही, हे त्या चार वर्षांत सर्वांनी पाहिले.

आता चालकाच्या वजनाकडे वळू, कारण आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता. मोटार ८०० किलोची असेल, तर ५५ किलोचा चालक व ९५ किलोचा चालक ह्यांच्या भरल्या मोटारींत शेकडा पाचाहूनही कमी अंतर पडते. तेवढेही सर्वांत वरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत उंच चालकांस जाचत असे. कित्येकांना उपास काढावे लागत. शेवटी २०१९ पासून तेथे चालक व त्याचे आसन मिळून किमान ८० किलो, असा वेगळा हिशेब सुरू झाला आणि कमी भरणाऱ्याच्या आसनापाशीच वजन बसविण्याची सक्ती झाली. पण वाहन जसजसे लहान होते, तसतसा अन्याय मोठा होतो. मुले ज्यांवर मोटार हाकण्याचे पहिले धडे घेतात ती गो-कार्ट सुमारे ८० किलोची धरा. तिच्यावर ५० किलोचा मुलगा बसला तर १३०, ८० किलोचा बसला तर १६०. अंतर शेकडा तेवीस! म्हणून कोल्हापूरच्या मोहित्यांच्या मार्गावर, किंवा कोठेही, गो-कार्टच्या रीतसर शर्यती होतात तेव्हा गाडी व चालक एकत्र तोलले जातात आणि सडपातळ मुलांच्या आसनास शिशाच्या पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या दिसतात. आणि आमची बेअरिंगची गाडी तर अवघी २० किलोची. तिच्यात वजन म्हणजे जवळजवळ मूलच. आम्ही भांडे तोलले होते, तूप नव्हे.

वास्तविक हे ज्ञान आपल्या मातीला नवे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात लढले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. वजनाचे गट नसते, तर त्यांच्यासारख्या छोट्या चणीच्या मल्लास दुप्पट वजनाच्या मल्लापुढे उभे केले असते, आणि त्यांची चपळाई जगाला दिसली नसती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा भरू लागल्या आहेत. तेथे आदत, दुसा, चौसा असे गट बैलाच्या दातांवरून पाडतात. काटा नको, रूळ नकोत. शेतकरी बैलाचे तोंड उघडतो आणि वय वाचतो. मुक्या जनावरांस पळविणे योग्य की अयोग्य, ह्याविषयी आमचे मत काही मित्रांस ठाऊक आहे, ते येथे नको.

पण सारेच समान करावयाचे काय? वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा एका मुलीने चांगले उत्तर दिले: सगळ्या गाड्या, सगळी वजने, सगळी बेअरिंगे सारखी केली, तर जिंकण्यासारखे काय राहील? आमचे उत्तर असे की, हात, डोळा आणि मेहनत राहील. अंगाचे वजन ज्याला त्याला मिळालेले असते; वडिलांचे गॅरेजही मिळालेलेच असते. वळणावर दोरी केव्हा ओढावी, हे मात्र शिकावे लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकरिता २००७ पासून आपल्या देशात ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरते. इंदूरजवळच्या पिथमपूर येथे तिचा आरंभ झाला व महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ तीत उतरत आले आहेत. खडबडीत जमिनीवर धावणारी एकासनी गाडी मुलांनी स्वतः घडवायची. परंतु इंजिन मात्र सर्वांस एकाच बनावटीचे, १० अश्वशक्तीचे, आणि त्यात फेरफार करण्यास मनाई. शक्ती बांधून टाकली, तेव्हा साहजिकच सारी धडपड वजन घटविण्याकडे वळली. पण चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या नळ्या अमुक एका बळकटीहून कमी असता कामा नयेत असा दंडक आहे. आणि महागडे हलके सामान वापरून कोणी पुढे जाऊ नये म्हणून गाडीच्या खर्चाच्या हिशेबासही गुण आहेत. श्रीमंत संघाचा फायदा ह्याने नाहीसा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत चांगली यंत्रे आहेत, त्याचे काम नीटस होणारच. तरी ह्या तिन्ही गोष्टी, म्हणजे शक्ती, सुरक्षितता आणि पैसा, एकत्र पाहणारे नियम आम्हांस फार कमी ठिकाणी आढळले.

तेव्हा ह्या वर्षी आम्हीही नियम बदलले. बेअरिंगे शाळेने एकाच भंगारवाल्याकडून घेतली व चिठ्ठ्या टाकून वाटली. गाडी व मूल मिळून ८५ किलो, असे ठरविले. कमी भरणाऱ्याने वाळूची पिशवी बांधावी. अधिक भरणाऱ्याने गाडीची फळी तासावी, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर त्याने पंच व्हावे. धाकट्या विद्यार्थ्याने २७ किलोंची वाळू आपल्या पाठीमागे फळीवर बांधली. पहिल्या चाचणीत वळणावर पिशवी घसरली व गाडी कलंडली, गुडघा सोलला. आम्ही पुन्हा एक धडा शिकलो: वजन किती, एवढेच पुरत नाही, ते कोठे आणि किती घट्ट, हेही सांगावे लागते. पिशवी मग फळीच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध, तारेने आवळली.

दुसऱ्या चाचणीस आणखीच प्रकार झाला. एका मुलाची गाडी सुटली, आणि तिच्यामागे रस्त्यावर वाळूची बारीक रेघ उमटत गेली. खाली येईपर्यंत पिशवी अर्धी झाली होती. उतारावर वाळू सांडण्यात त्याचे नुकसानच होते, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. अथवा भोक खरोखरच उंदराने पाडले असेल. आम्ही त्यास दोष दिला नाही. मात्र सपाटीवरच्या यंत्रांच्या शर्यतीत हीच युक्ती मोठमोठ्यांनी केलेली आहे. १९८२ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्या दोन मोटारी बाद ठरल्या, त्या पाण्यामुळे. ब्रेक थंड करण्याच्या नावाखाली मोटारीत पाण्याच्या टाक्या बसवीत. आरंभीच पाणी सोडून देत, सारी शर्यत हलक्या मोटारीने धावत आणि शेवटी तोलण्यापूर्वी, जणू खर्ची पडलेले पाणी पुन्हा भरावे, तसे ते भरून घेत. १९८४ साली टायरेल संघाचे त्या संपूर्ण हंगामाचे निकाल रद्द झाले. त्यांच्या टाकीत शर्यतीच्या अखेरीस पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्याही भरल्या जात, असे आढळले होते.

मुंबईच्या महालक्ष्मीवर आणि पुण्यास घोड्यांच्या शर्यती होतात. तेथील जुगारामुळे किती घरे बसली, हे सांगण्याची येथे आवश्यकता नाही. परंतु एक गोष्ट त्या लोकांस फार पूर्वी कळली: स्वाराला खोगिरासह शर्यतीपूर्वी तोलतात आणि शर्यतीनंतर, कोणाचा हात लागण्यापूर्वी, पुन्हा तोलतात.

अंतिम शर्यत स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आहे. भाजीबाजारातील त्या बाईंनी आपला मोठा काटा एका दिवसाकरिता देण्याचे कबूल केले आहे. त्याचा पासंग त्यांनी स्वतः तपासून पाहिला. तो काटा आम्ही ह्या खेपेस वर प्रार्थनामंदिरापाशी ठेवणार नाही. तो खाली, शेवटच्या रेघेच्या पलीकडे राहील, आणि गाडी थांबताच मुलाने न उतरता, पिशवीस हात न लावता, तिच्यासकट त्यावर चढावयाचे आहे.